गौरवलेखनाची मीमांसा : के. आर. नारायणन यांच्या निमित्ताने

गौरवग्रंथ हा मराठीतील एक रूढ वाङ्मयप्रकार आहे आणि त्याची समीक्षा सहसा कोणी करीत नाही. साठी, पंच्याहत्तरी, निवृत्ती अथवा स्मृतिदिन अशा निमित्तांनी तो निघतो. त्यात सहकाऱ्यांचे लेख असतात, छायाचित्रे असतात, भूषविलेल्या पदांची यादी असते आणि एवढे सगळे असूनही ज्याचा गौरव करावयाचा तो माणूस त्यात सापडत नाही. एरवी हा प्रकार निरुपद्रवी म्हणून सोडून देता आला असता. परंतु गौरवाचा विषय जेव्हा दलित समाजातून आलेला एखादा कुलगुरू, एखादा प्रशासक वा एखादा राष्ट्रपती असतो, तेव्हा हे लेखन निरुपद्रवी राहात नाही. ते प्रस्थापित व्यवस्थेच्या बाजूने साक्ष द्यायला उभे राहते. हा माणूस इथवर पोहोचला, मग जातीचा प्रश्न उरलाच कुठे, असा त्या साक्षीचा आशय असतो. म्हणून अशा लेखनाची तपासणी करणे हे आपल्या चळवळीचे काम आहे, असे मी मानतो. त्यासाठी मी येथे के. आर. नारायणन यांचे उदाहरण घेतो.

नारायणन यांच्यावर जे लिहिले गेले त्याचा साचा ठरलेला आहे. केरळातील कोट्टयम परिसरातल्या उळवूर या खेड्यात १९२० साली परवन या अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्म. वडील देशी औषधे देणारे वैद्य. रोज सुमारे पंधरा किलोमीटर शेतांतून चालत शाळा. त्रावणकोर विद्यापीठातून इंग्रजी साहित्यात पहिल्या क्रमांकाने पदवी. काही काळ पत्रकारिता. टाटांची शिष्यवृत्ती आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये हॅरॉल्ड लास्की यांच्या हाताखाली अध्ययन. १९४९ साली परराष्ट्र सेवेत प्रवेश. थायलंड, तुर्कस्तान आणि चीन येथे राजदूत. १९७९ ते १९८० जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे कुलगुरू. १९८० ते १९८४ अमेरिकेत राजदूत. पुढे तीनदा लोकसभा, मंत्रिपद, १९९२ मध्ये उपराष्ट्रपती आणि १९९७ मध्ये राष्ट्रपती. २००५ साली निधन. यादी खरी आहे. तिच्यात एकही पद खोटे नाही. तरीही ती वाचून नारायणन कळत नाहीत. कळते ती फक्त शिडी.

शिडीच्या कथेत नायक एकच असतो. तो चढतो आणि बाकीचे खाली उभे राहून पाहतात. नारायणन यांच्या बालपणातील दोन तपशील या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. फी थकली म्हणून त्यांना वर्गाबाहेर उभे राहून धडा ऐकावा लागे. आणि पुस्तके विकत घेण्याची ऐपत नसल्यामुळे दम्याने घरी बसलेला त्यांचा थोरला भाऊ इतरांकडून पुस्तके मागून आणी, ती हाताने उतरवून काढी आणि धाकट्याला देई. गौरवलेखक या दोन्ही गोष्टी सांगतात, परंतु त्या सांगतात जिद्दीचे उदाहरण म्हणून. वर्गाबाहेर उभा राहिलेला मुलगा त्यांना चिकाटीचा पुतळा वाटतो. त्याला बाहेर कोणी उभे केले, हा प्रश्न त्यांना पडत नाही. पुस्तक उतरवून काढणारा भाऊ त्यांना कौटुंबिक प्रेमाचा नमुना वाटतो. त्या भावाच्या स्वतःच्या शिक्षणाचे काय झाले, हेही कोणी विचारीत नाही.

आमच्याकडील दलित आत्मकथनांनी हाच फरक मराठी साहित्याला शिकविला. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले, १९८० साली लक्ष्मण मान्यांचे 'उपरा' आले. या लेखकांनी 'मी कसा मोठा झालो' हे सांगितले नाही. त्यांनी 'मी'च्या आडून वस्ती सांगितली, नातीगोती सांगितली, शिकून बाहेर पडणाऱ्याच्या मनातली टोचणी सांगितली. त्या पुस्तकांत भावाने उतरविलेली वही तळटीपेत गेली नसती. ती कथनाच्या मध्यभागी आली असती. आत्मकथन जखम उघडी ठेवते आणि गौरवग्रंथ तिच्यावर शाल पांघरतो. नारायणन यांच्यावरच्या बहुतेक लेखनात ही शालच दिसते.

आता त्या यादीतील ज्या ओळीवरून सगळे घाईने पुढे जातात तिच्याकडे येऊ. ती ओळ कुलगुरुपदाची. ३ जानेवारी १९७९ ते १४ ऑक्टोबर १९८०, म्हणजे दोन वर्षेही पूर्ण नाहीत. चीनमधील राजदूतपद आणि अमेरिकेतील राजदूतपद यांच्या मध्ये ती एखाद्या थांब्यासारखी छापली जाते. परंतु स्वतः नारायणन यांनी या काळाला आपल्या सार्वजनिक जीवनाचा पाया म्हटले होते. तीस वर्षांच्या परराष्ट्र सेवेला त्यांनी पाया म्हटले नाही, विद्यापीठाला म्हटले. असे का असावे? मला त्याचे कारण असे दिसते. राजदूत हा राज्यसंस्थेचा आवाज असतो. त्याने आपल्या सरकारचे म्हणणे दुसऱ्या सरकारला सांगावयाचे असते. त्यात त्याचे स्वतःचे मत सहसा येत नाही. कुलगुरू मात्र अशा तरुणांसमोर उभा असतो की जे त्याला थेट प्रश्न विचारतात आणि उत्तर पटले नाही तर दाराशी येऊन बसतात.

आणि हे विद्यापीठ काही साधे नव्हते. १९६९ साली सुरू झालेल्या त्या संस्थेतील विद्यार्थ्यांनी आणीबाणी उठल्यानंतर १९७७ मध्ये इंदिरा गांधींच्या घरापर्यंत मोर्चा नेऊन त्यांच्या कुलपतिपदाच्या राजीनाम्याची मागणी केली होती आणि बाईंना ते पद सोडावे लागले होते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. त्या काळी तेथील प्रवेशाच्या धोरणात मागास जिल्ह्यातून आणि वंचित घरातून येणाऱ्याला अधिकचे गुण देण्याची पद्धत होती. हुशारी सर्वत्र असते, परंतु तिला मिळणारा रस्ता सर्वत्र सारखा नसतो, हे एका विद्यापीठाने आपल्या नियमांतच मान्य केले होते. पंधरा किलोमीटर चालून शाळेत गेलेला माणूस अशा विद्यापीठाचा कुलगुरू झाला, यात मला योगायोगापेक्षा जास्त अर्थ दिसतो. शिडीच्या कथेला अंतराचे मोल कळत नाही. तिला फक्त उंची मोजता येते. त्या प्रवेशधोरणाला अंतर मोजता येत होते.

हे धोरण टिकले नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे. नारायणन तेथून गेल्यानंतर, १९८३ च्या विद्यार्थी आंदोलनानंतर, ते गुंडाळण्यात आले. १९९४ मध्ये ते पुन्हा आले. २०१७ मध्ये त्याच विद्यापीठात संशोधनाच्या जागा फार मोठ्या प्रमाणावर कमी झाल्या आणि संशोधनाच्या प्रवेशातून वंचिततेचे गुणही काढले गेले. उघडलेले दार आपोआप उघडे राहात नाही. एका व्यक्तीच्या पदाने ते कायमचे उघडत नाही आणि ती व्यक्ती गेल्यावर ते राखण्याचे काम संपत नाही. गौरवग्रंथात पदाचा आरंभ आणि शेवट या दोन तारखा असतात. दाराची तारीख कोठेच नसते.

याच काळात महाराष्ट्रात काय चालले होते, हे या पानांच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातील दलित वस्त्या पेटल्या. १९७९ साली लाँग मार्च निघाला. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. म्हणजे दिल्लीत एक दलित कुलगुरूच्या खुर्चीत बसत होता, तेव्हा मराठवाड्यात विद्यापीठाच्या कमानीवर एका दलित महामानवाचे नाव नको म्हणून माणसांची घरे जाळली गेली होती. या दोन घटना एकाच देशात, सहा महिन्यांच्या अंतराने घडल्या. गौरवलेखन पहिली घटना सांगते आणि दुसरीला अपवाद ठरविते. मला वाटते की दोन्ही एकत्र वाचल्याखेरीज यांतील कोणतीही एक समजत नाही. खुर्ची दिल्लीहून एका आदेशाने देता येते. नाव मात्र गावाने स्वीकारावे लागते, आणि गावाने ते सोळा वर्षे रोखून धरले.

राष्ट्रपती म्हणून नारायणन यांनी जे केले त्यात मला त्या कुलगुरूचीच रीत दिसते. घटनेच्या चौऱ्याहत्तराव्या कलमानुसार राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो; चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने त्याला एवढाच अधिकार दिला की सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवावा. पूर्वी हा अधिकार कागदावरच होता म्हटले तरी चालेल. ऑक्टोबर १९९७ मध्ये गुजराल सरकारने उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवटीची शिफारस केली. नारायणन यांनी ती परत पाठविली. सप्टेंबर १९९८ मध्ये वाजपेयी सरकारने बिहारसाठी तशीच शिफारस केली. तीही परत गेली. सरकारे वेगळ्या पक्षांची होती, शेरा एकच होता. चांगला शिक्षक उत्तरपत्रिका फाडीत नाही. तो समासात खूण करून विद्यार्थ्याला पुन्हा विचार करायला लावतो. नारायणन यांनी आपल्या मर्यादित अधिकाराचा वापर असाच केला.

त्या खुणांपैकी सर्वांत महत्त्वाची खूण आपल्या चळवळीत पुरेशी चर्चिली गेलेली नाही. १९९८ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयातील नेमणुकांची फाइल त्यांच्यापुढे आली. त्यांनी तिच्यावर असा अभिप्राय नोंदविला की, लोकसंख्येचा सुमारे चौथा हिस्सा असलेल्या अनुसूचित जाती-जमातींतील तसेच स्त्रियांमधील पात्र व्यक्तींचा योग्य विचार होणे घटनेच्या तत्त्वांशी सुसंगत ठरेल. अशा पात्र व्यक्ती उपलब्ध आहेत. ही टिपणी बाहेर आली तेव्हा गदारोळ झाला आणि न्यायव्यवस्थेकडून गुणवत्तेच्या निकषाचा पुनरुच्चार झाला. गुणवत्ता हा शब्द आपण फार वेळा ऐकलेला आहे. वर्गाबाहेर उभे राहून पहिला क्रमांक मिळविलेल्या माणसाला तो ऐकविला जावा, यातला उपरोध कोणाच्या लक्षात आला की नाही, मला ठाऊक नाही. पुढे जून २००० मध्ये के. जी. बालकृष्णन सर्वोच्च न्यायालयात आले आणि २००७ मध्ये सरन्यायाधीश झाले. २०१० मध्ये ते निवृत्त झाल्यावर मात्र २०१९ मध्ये अमरावतीचे भूषण गवई येईपर्यंत, म्हणजे नऊ वर्षे, अनुसूचित जातीचा एकही न्यायाधीश तेथे नव्हता. गवई २०२५ मध्ये सरन्यायाधीश झाले तेव्हा आपल्याकडे सत्कारांची रीघ लागली. आनंद स्वाभाविक होता. मलाही तो झाला. परंतु त्या सत्कारांत मधल्या नऊ रिकाम्या वर्षांबद्दल किती बोलले गेले?

२००० सालच्या प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला नारायणन यांनी राष्ट्राला उद्देशून केलेले भाषणही असेच विस्मरणात गेले आहे. उदारीकरण, खाजगीकरण आणि जागतिकीकरण यांच्या वेगवान रस्त्यावर दुर्बळ भारताला सुरक्षित ओलांडता येईल अशी वाट ठेवा, आणि दीर्घकाळ सोसणाऱ्या माणसांच्या संतापाचे भान ठेवा, असा त्या भाषणाचा मथितार्थ होता. दोनच दिवसांनी संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात, घटनेच्या पुनर्विलोकनाची भाषा सुरू असताना, त्यांनी विचारले की घटना आपल्या कसोटीला उतरली नाही की आपण तिच्या कसोटीला उतरलो नाही. ही वाक्ये शिडी चढून गेलेल्या कृतज्ञ माणसाची नाहीत. ती पायी चालणाऱ्याची आहेत. रस्ता ओलांडताना काय वाटते हे ठाऊक असलेल्याची आहेत.

येवढे म्हटल्यावर दुसरी बाजू मांडली नाही तर मीही एक गौरवलेखच लिहीन. नारायणन यांनी आयुष्याचा मोठा भाग राज्यसंस्थेच्या आत काढला. ते काँग्रेसच्या तिकिटावर ओट्टपालम या राखीव मतदारसंघातून १९८४, १९८९ आणि १९९१ मध्ये निवडून गेले, मंत्री झाले. दलितांच्या स्वतंत्र राजकारणाशी त्यांनी आपले नाते जोडले नाही. रस्त्यावरच्या चळवळीचे ते नव्हते आणि त्यांनी तसा आवही आणला नाही. २००२ च्या गुजरातमधील हत्याकांडाच्या वेळी लष्कराला आवश्यक ते अधिकार देऊन हिंसा थांबवावी, असे आपण पंतप्रधानांना कळविले होते, हे त्यांनी जाहीरपणे सांगितले ते २००५ मध्ये. तोवर पद संपले होते आणि मेलेली माणसे मेली होती. पदाच्या मर्यादा होत्या, हे खरे. परंतु ज्या माणसाने फाइलीवर शेरा मारण्याचे धैर्य दाखविले, त्याने त्या दिवसांत देशाशी उघडपणे बोलावयास हवे होते, असे मला आजही वाटते. त्यांच्या थोरवीला यामुळे बाधा येत नाही. मात्र थोरवीची सीमा दिसते. समीक्षेने ती दाखविलीच पाहिजे.

बाबासाहेबांनी १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्यावर व्याख्यान दिले तेव्हा हाच प्रश्न हाताळला होता. थोर माणसाविषयी आदर बाळगणे ही एक गोष्ट आणि त्याच्यापुढे आपली बुद्धी गहाण टाकणे ही दुसरी, असा भेद त्यांनी तेथे केला. पहिलीत माणसाच्या ठायी असलेल्या उदात्ततेची ओळख असते. दुसरीने समाज दुबळा होतो. रानड्यांचा गौरव करताना त्यांनी रानड्यांच्या राजकीय मतांची चिकित्सा थांबविली नाही. गौरवाचा हा आदर्श आपल्यासमोर असताना आपण शाल आणि श्रीफळ यांवरच का थांबतो?

शेवटी नावाविषयी. केरळ सरकारने कोट्टयम जिल्ह्यात एक चित्रपट संस्था स्थापन केली आणि तिला के. आर. नारायणन यांचे नाव दिले. त्यांच्या जन्मजिल्ह्यात त्यांचे स्मारक व्हावे, हे उचितच होते. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच संस्थेचे विद्यार्थी संपावर गेले. प्रवेशात आरक्षणाचे नियम डावलले जातात आणि सफाई कर्मचाऱ्यांना संचालकांच्या निवासस्थानी अपमानास्पद कामे करावी लागतात, असे त्यांचे आणि त्या कर्मचाऱ्यांचे आरोप होते. संचालकांनी आरोप नाकारले. शासनाने चौकशी नेमली. जानेवारी २०२३ मध्ये संचालक राजीनामा देऊन गेले. आरोपांतील प्रत्येक गोष्टीचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. मला लक्षात घ्यावयाचे आहे ते एवढेच, की ज्या माणसाला फीसाठी वर्गाबाहेर उभे राहावे लागले त्याचे नाव कमानीवर कोरल्यानंतरही, त्या कमानीच्या आत कोणाला घ्यावयाचे हा तंटा शिल्लक राहिला. नाव हा तंट्याचा निकाल नव्हता. विद्यार्थ्यांनी ते नाव मागणीपत्रासारखे वाचले: हे नाव लावता, तर त्याला साजेसे वागा. नारायणन यांचा त्या वर्षांतला सर्वांत खरा गौरव संपावर बसलेल्या त्या मुलांनी केला, असे मी समजतो. आमच्या नामांतराच्या लढ्यातही केवळ अक्षरांसाठी कोणी प्राण दिले नव्हते.

म्हणून शिक्षक आणि कार्यकर्ते यांच्यापुढे मी एक साधी सूचना ठेवतो. आपल्या समाजातील कुलगुरू, प्राचार्य, अधिकारी निवृत्त होत आहेत आणि पुढेही होतील. त्यांच्यावर ग्रंथ निघतील, आणि आपल्याला लेख मागितले जातील. तो लेख लिहिण्याआधी त्यांच्या कारकिर्दीचे कागद मागावेत. त्यांच्या काळात किती राखीव जागा भरल्या गेल्या आणि किती अनुशेषात राहिल्या. शिष्यवृत्तीचे पैसे कोणत्या महिन्यात मुलांच्या हातात पडले. वसतिगृहाच्या तक्रारींवर काय शेरे मारले गेले. कोणत्या फायली त्यांनी परत पाठविल्या आणि कोणत्या मुकाट्याने सही करून पुढे ढकलल्या. ज्यांनी चांगले काम केले त्यांना या तपासणीचे भय असणार नाही. उलट त्यांचे जे काम कोणीच पाहिले नाही ते यातून प्रथमच उजेडात येईल. आणि त्यांच्यासाठी ज्यांनी वह्या उतरवून काढल्या, त्या भावंडांची नावेही विचारून घ्यावीत. ग्रंथात त्यांना स्वतंत्र प्रकरण द्यावे.